विमानविद्यापीठाचा पगारी इतिहासकार

एका विमानविद्यापीठाचा इतिहास मी चार दिवसांत लिहून दिला. तोवर मी विमान जवळून पाहिलेलं नव्हतं. अंबडच्या आमच्या गच्चीवरून कधीमधी आभाळात एक पांढरी रेघ ओढली जाताना दिसायची, तेवढीच काय ती ओळख. पण इतिहासात एम. ए. झालेल्या माणसाने पानिपत तरी कुठे जवळून पाहिलेलं असतं? त्या मानाने मी या कामाला अगदीच नालायक नव्हतो.

तेव्हा मी अंबडच्या एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवत होतो. तासिका तत्त्व म्हणजे लोकांनी तासापुरतं 'सर' म्हणायचं आणि घंटा झाली की ओळख विसरायची. अशा दिवसांत जालन्याहून निरोप आला. अध्यक्षांनी बोलावलंय, जल्दी या.

हे अध्यक्ष मला जुने माहीत होते. एक्क्याऐंशी साली त्यांनी जालन्यात टायपिंगचा क्लास काढला, तेव्हाच्या पहिल्या पोरांत मी होतो. त्या काळी ते अध्यक्ष नव्हते, नुसते टायपिंगवाले होते. सहा यंत्रं, त्यातली दोन कायम आजारी, आणि त्या सगळ्या खडखडाटात भिंतीवर 'शांतता राखा' अशी पाटी. पुढे त्यांनी टायपिंगच्या जोडीला मोटार रिवाइंडिंगचा वर्ग काढला, मग ट्रॅक्टर दुरुस्तीचा, मग संगणकाचा. संगणकाच्या खोलीत चपला काढून जावं लागे, नारळ तेवढा फोडायचा बाकी होता. नव्वदनंतर खासगी विमानकंपन्या निघाल्या. अध्यक्ष एकदा जावयाला सोडायला औरंगाबादला चिकलठाण्याच्या विमानतळावर गेले आणि तिथे त्यांनी खांद्यावर सोनेरी पट्ट्या लावलेली पोरं पाहिली. माणूस परत आला तो विद्यापीठ घेऊनच.

"सर, तुम्ही इतिहासवाले ना?" मी बसायच्या आतच त्यांनी विचारलं. "मंग आमचा इतिहास लिहा. माहितीपत्रक छापून राह्यलोय."

"कुठल्या सालापासूनचा लिहू?"

"जितका जुना बसंल तितका बसवा."

मी चाचरत म्हणालो की विद्यापीठ म्हणायला सरकारची परवानगी लागते. त्यावर ते हसले. "वडाच्या झाडाला वड म्हणायला कुणाची परवानगी लागती का?"

आधी झाड तर पाहिजे, असं माझ्या अगदी ओठावर आलं होतं. पण त्यांनी लगेच मला कुलसचिव करून टाकलं. कुलसचिवाला टेबल होतं, घंटी होती, आणि घंटी वाजवली की यायला एक माणूससुद्धा होता. मी ओठ मिटले.

इतिहासाचा पहिला परिच्छेद मी पुष्पक विमानावर घातला. तो तपासायला कुणी लंकेपर्यंत जाणार नव्हतं. दुसऱ्यात निजामाचा काळ आला. भोकरदन तालुक्यातल्या धावड्याच्या एका म्हाताऱ्याने सांगितलं होतं की त्याच्या लहानपणी गावावरून एक विमान गेलं होतं. मी ते गावात उतरवलं. तिसऱ्या परिच्छेदात टायपिंगच्या क्लासचा 'उड्डाणविषयक दस्तऐवज विभाग' झाला, मोटार रिवाइंडिंगची 'विद्युत प्रणाली' झाली आणि ट्रॅक्टर दुरुस्तीला मी 'भूतल साहाय्य यंत्रणा' असं नाव दिलं. ते लिहिल्यावर मी स्वतःवर इतका खूश झालो की बाहेर जाऊन चहा पिऊन आलो. शेवटी विमानं किती लिहायची ते अध्यक्षांना विचारलं. ते म्हणाले, "सात लिहा. सात आकडा बराबर दिसतो."

आणि मग परिसर. बाकीची विद्यापीठं एका गावात मावतात. आमचं चार गावांत पसरलं होतं, कारण एका गावात एवढी जागा आम्हाला कुणी दिली नाही. मुख्य परिसर जालन्याला, कापसाच्या जुन्या गोदामात. वाशांमध्ये अजून रुई अडकलेली होती आणि पंखा लावला की वर्गात शिंकांची साथ यायची. प्रशासकीय परिसर अंबडला, कोर्टाच्या मागे दोन खोल्यांत. पोरं दाखला मागायला यायची त्याच बाकड्यावर प्रतिज्ञापत्र करायला आलेली माणसं बसायची. बांधाच्या भांडणातल्या एका आजोबांनी मला अर्धा तास त्यांची सगळी केस सांगितली होती, आणि मीही ऐकून घेतली होती, कारण माझ्याकडे दुसरं काम नव्हतं. निवासी परिसर मंठ्याला, खताच्या दुकानाच्या माडीवर. बाजाराच्या दिवशी जिन्याला बैल बांधलेले असायचे, मग पोरं वरच अडकून पडायची आणि त्या दिवशी सुट्टी. आणि उड्डाण परिसर धावड्याला. तिथे मुरूम टाकून रोलर फिरवलेली एक लांबलचक पट्टी होती. माहितीपत्रकात तिला मी 'अद्ययावत धावपट्टी' म्हटलं. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, दुसरं काय.

खरं विमान एकच होतं आणि ते भंगारातून आलं होतं. जालन्यात लोखंडाच्या भट्ट्या आहेत, त्यांना देशभरातून भंगाराचे ट्रक येतात. मोडके बॉयलर, खाटा, रुळांचे तुकडे असं सगळं. त्यातच एकदा एक छोटं विमान आलं, पंख कापलेलं. ॲल्युमिनियम त्या भट्टीत चालत नाही म्हणून ते बाजूला फेकून दिलं होतं. अध्यक्षांनी ते ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून गोदामात आणलं. धान्य साठवायच्या पत्र्याच्या कोठ्या करणारा एक कारागीर होता, त्याच्याकडून पंख पुन्हा बसवून घेतले. त्याने मनापासून काम केलं. फक्त सवयीने डाव्या पंखाला खाली एक झाकण ठेवलं, धान्य काढायला असतं तसं.

इंजिन मात्र सबंध होतं, आणि ते ओळखणारा माणूसही आम्हाला सापडला. जाफराबाद तालुक्यातले एक गृहस्थ हवाई दलात इंजिनाच्या कामावर आयुष्य काढून निवृत्त झाले होते. आमच्याकडे पलटणीतून परत आलेला कुणीही असो, तो फौजी. ते म्हणायचे, "फौज येगळी, हवाई दल येगळं," आणि लोक म्हणायचे, "बराबर हाये, फौजी." त्यांनी पहिल्याच दिवशी इंजिन उघडलं, आत हात घालून चाचपलं आणि म्हणाले, "मेलं न्हाई. झोपलंय." महिनाभराने गोदामात ते इंजिन लाकडी घोडीवर बांधून सुरू केलं, तेव्हा मोंढ्यातली कबुतरं जी उडाली ती संध्याकाळपर्यंत परत आली नाहीत. माहितीपत्रक त्यांच्या हातात पडलं तेव्हा ते चष्मा लावून शेवटपर्यंत वाचून माझ्याकडे आले. "सर, तुमच्या पुस्तकात सात इमानं हायेत. मला सहा दाखवा, सातवं मी हुडकतो."

मी हसण्यावारी नेलं. तेव्हा सगळंच हसण्यावारी नेत होतो.

पहिल्या वर्षी बावीस विद्यार्थी आले. त्यात मुलगी एकच, मंठ्याजवळच्या एका खेड्यातली. तिचे वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी होते. ते तिला घेऊन अंबडच्या माझ्या खोलीत आले, "जय भीम, सर" म्हणाले, बसले, आणि पिशवीतून आमचं माहितीपत्रक काढून टेबलावर ठेवलं. त्यात लाल शाईने खुणा केलेल्या होत्या, जागोजाग. उत्तरपत्रिका तपासावी तसं त्यांनी ते तपासलं होतं. फक्त गुण सगळे पैकीच्या पैकी दिले होते.

"डी.एड.ला नंबर लागल्ता हिचा," गुरुजी म्हणाले. "मी म्हणलं जा. तर ही म्हणली, मला यंत्राचं शिकायचं, इमानाच्या. मंग मी तुमचं पुस्तक तीनदा वाचलं. आमच्या घरात पहिलं पुस्तक माझ्या बापानं आणलं, त्याला सोताला वाचता येत न्हवतं तरी. छापलेलं हाये म्हणल्यावर मी हो म्हणलं."

त्या काळी आमच्या भागात डी.एड.ला नंबर लागणं म्हणजे काय, हे आज सांगूनही पटायचं नाही. नंबर लागला की दोन वर्षांनी शाळा पक्की, आणि शाळा पक्की झाली की बाकीचं सगळं आपोआप चालत येतं. लोक त्यासाठी देव पाण्यात घालून बसायचे. आणि ही पोरगी ती जागा सोडून माझ्या पुष्पक विमानात बसायला आली होती. यादी दुसऱ्याच दिवशी बंद होणार होती. मी त्याच क्षणी सांगितलं असतं, तर संध्याकाळच्या गाडीने जाऊन जागा वाचली असती.

मी सांगितलं नाही. मी गुरुजींसाठी चहा मागवला. घंटी वाजवली आणि माणूस आला.

मुलगी गरीब स्वभावाची वगैरे अजिबात नव्हती. पहिल्याच आठवड्यात तिने मला गाठलं. "सर, सात विमानं कुठंयत?"

"धावड्याच्या परिसरात," मी म्हणालो. थाप मारायची तर लांबच्या गावाची मारावी.

पुढच्या रविवारी ती दोन गाड्या बदलून धावड्याला गेली. सोमवारी परत येऊन माझ्या टेबलासमोर उभी राहिली. "सर, तिथं मिरच्या हायेत."

होत्याच. धावडा मिरचीचा गाव. अशी सपाट, कोरडी, लांबरुंद जागा आयती मिळाल्यावर गावाने तिच्यावर मिरच्या वाळत घातल्या नसत्या तर नवल. सगळी धावपट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत लालभडक, मधून चालायला तेवढी एक वाट. मी तिला म्हणालो की हंगाम संपला की विमानं येतील. तिने माझ्याकडे नीट पाहिलं. तिला कळलं होतं, आणि तिला कळलंय हे मलाही कळलं होतं. पण डी.एड.ची यादी बंद झाली होती. ती गोदामात गेली, फौजींच्या शेजारी उकिडवी बसली आणि पाना मागितला.

पुढची अडीच वर्षं ते दोघं आणि ते इंजिन. बाकीची पोरं हळूहळू गळाली. कुणी वाळूजच्या कारखान्यात गेलं, कुणी बियाण्याच्या कंपनीत. नऊ उरली, त्यातली आठ दुसरं काही मिळेपर्यंतची. हिच्यापुढे दुसरं काही नव्हतंच. विमानखात्याची मान्यता मिळाली तर तिची तीन वर्षं जमा धरली जाणार, नाही मिळाली तर बारावी पास आणि नखांत काळं तेल, एवढंच घेऊन ती घरी जाणार. फौजी ते इंजिन पूर्ण उघडायचे, तिच्याकडून जुळवून घ्यायचे आणि पुन्हा उघडायचे. रोजचं काम ते एका वहीत लिहायचे. तारीख, काय उघडलं, काय चुकलं, कुणी केलं, आणि खाली सही. चुकलेलं पुसायचे नाहीत. अख्ख्या विद्यापीठात खरं लिहिलेला कागद तेवढाच होता, आणि मी तो तीन वर्षांत एकदाही उघडून पाहिला नव्हता.

अखेर तपासणीचं पत्र आलं. विमानखात्याचे निरीक्षक येणार. अध्यक्षांनी एक अजब बेत केला. निरीक्षकांना चिकलठाण्याहून मोटारीने आणायचंच नाही. भाड्याचं दोन आसनी विमान ठरवून सरळ धावड्याच्या पट्टीवर उतरवायचं. "ज्या धावपट्टीवर ते सोता उतरले, तिला ते खोटी कशी म्हणतील?" त्यांनी विचारलं. बेत बिनतोड होता. मलाही तसंच वाटलं, खोटं कशाला बोलू.

इथे एक सांगितलं पाहिजे. हा माणूस लबाड नव्हता. आपण लबाडी करतोय हे लबाडाला माहीत असतं. अध्यक्षांना खरंच वाटत होतं की पाटी लावली, पट्टी केली, इतिहास छापला, आता विमानं येतीलच, बाजार भरला की माणसं येतात तशी. लबाड मी होतो.

स्वागताचं काम माझ्याकडे आलं. धावड्याच्या सरपंचांनी गावाला सांगून मिरच्या उचलायला लावल्या. बायांनी खराटे घेऊन अख्खी धावपट्टी झाडून काढली. सरपंच स्वतः अंबडला येऊन मला एकच गोष्ट विचारून गेले. "सर, कमान कुठं उभारायची?"

आमच्याकडे मोठा पाहुणा कमानीखालून आल्याशिवाय आला असं धरत नाहीत. मंत्री असो, नवरदेव असो, गावात पहिल्यांदा आलेली एस.टी. असो, वेशीपाशी कमान लागते. मीही याच मातीतला. टेबलावरच्या कागदातून मान वर न करता मी म्हणालो, "पाहुणे जिथून येतील तिथं."

सरपंच शब्दाचे पक्के निघाले. मी तपासणीच्या दिवशी सकाळी फौजी आणि त्या मुलीबरोबर जीपने पोचलो, तेव्हा धावपट्टीच्या तोंडावर, विमान ज्या बाजूने खाली येणार होतं बरोबर त्या बाजूला, कमान उभी होती. दोन्हीकडे जाडजूड वेळू, आंब्याचे डहाळे, केळीचे खुंट, वर कापडी फलक आणि त्यावर मीच लिहून दिलेला मजकूर, 'विमानविद्यापीठात आपले सहर्ष स्वागत'. उंचीही मानाची होती, गावातल्या कुठल्याही लग्नाला इतकी उंच कमान झाली नव्हती. खाली शाळेची पोरं लेझीम घेऊन उभी.

फौजींनी ते पाहिलं आणि मटकन खाली बसले. "सर, हे काय केलं?"

मी सांगायला तोंड उघडलं, तोवर आवाज आला. डोंगराच्या बाजूने एक ठिपका येत होता. गाव ओरडलं. लेझीम सुरू झालं. विमान खाली आलं, आणखी खाली आलं, आणि कमानीच्या अलीकडे एकदम नाक वर करून निघून गेलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ते वळून पुन्हा आलं, पुन्हा तसंच वर गेलं. सरपंच माझ्या कानाशी लागले. "पाव्हणे मान देऊन राह्यलेत कमानीला."

ती मुलगी एव्हाना कमानीपाशी पोचली होती. तिने वेळू धरून गदागदा हलवायला सुरुवात केली. चार बाया धावल्या आणि तिचे हात धरले. पाहुणा दारात आणि ही कमान पाडती, केवढा अपशकुन! "अगं बाई, तुला येड लागलं का?" एक म्हातारी म्हणाली. मुलगी ओरडत होती, "सोडा, इमान उतरना झालंय त्याच्यामुळं!" पण लेझमीपुढे तिचं कोण ऐकतंय. फौजी उठले, दुसऱ्या वेळूला भिडले. मी? मी दोन्ही हात वर करून आभाळाकडे बघत उभा होतो. लोकांना वाटलं मी नमस्कार करतोय, म्हणून त्यांनीही केला.

कमान पडली तेव्हा विमान तिसरी फेरी मारून औरंगाबादच्या दिशेने निघालं होतं. मुलगी पडलेल्या फलकावर उभी राहून त्याच्याकडे बघत होती. तोंडावर घाम, हाताला वेळूच्या कुसळांनी रक्त. ती रडली नाही. मला तिच्याकडे बघवेना, म्हणून मी लेझीमवाल्या पोरांना उगीच झापलं.

निरीक्षक आले, पण दुपारी आणि मोटारीने, धुळीने माखून. तोवर सरपंचांनी कमान वाकडीतिकडी पुन्हा उभी केली होती, त्यामुळे ते शेवटी कमानीखालूनच आले आणि गावाचा जीव भांड्यात पडला. चहासुद्धा न घेता त्यांनी माझं माहितीपत्रक उघडलं. निजामाच्या काळातल्या विमानावर बोट ठेवून विचारलं, "हे कुठं उतरलं होतं?"

"इथंच की!" सरपंच म्हणाले. आणि ज्या म्हाताऱ्याने मला विमान नुसतं वरून जाताना सांगितलं होतं, त्याने पुढे होऊन ते कुठे उतरलं, आतून कोण उतरलं आणि त्यांना कुणी पाणी दिलं तेही सांगितलं. त्याने ते माझ्याच माहितीपत्रकातून नातवाकडून वाचून घेतलं होतं. मला पहिल्यांदाच आपल्या लिखाणाची भीती वाटली.

मग सगळे जालन्याला, गोदामात. निरीक्षकांनी विमानं मोजली, त्याला फार वेळ लागला नाही. डाव्या पंखाचं झाकण उघडून पाहिलं, पुन्हा लावलं. मग इंजिनापाशी गेले आणि पोरांना कामाला लावलं. आठजण एकमेकांकडे बघत राहिले. तिने ओढणी कमरेला खोचली. निरीक्षक विचारत गेले, ती हात न थांबवता सांगत गेली. एका ठिकाणी ते म्हणाले, "असं नाही, उलट." ती म्हणाली, "न्हाई सर, असंच. उलट केलं तर ठिणगी उशिरा पडती. मी एकदा केल्तं, वहीत हाये." त्यांनी वही मागितली. फौजींनी दिली. निरीक्षक लाकडी खोक्यावर बसून ती वही वाचत राहिले, पंख्याखाली, शिंकत.

"या संस्थेला मान्यता मिळणार नाही," ते शेवटी म्हणाले. "पण ही वही खोटी नाही. ही बघून दुसरी मान्यताप्राप्त संस्था या मुलीला सरळ दुसऱ्या वर्षाला घेऊ शकेल. मात्र कुलसचिव म्हणून तुमचं पत्र लागेल. इथे काय आहे, काय नाही, कुणी शिकवलं, कशावर शिकवलं, सगळं जसंच्या तसं. त्या पत्रात सात विमानं लिहिलीत, तर ही वहीसुद्धा खोटी ठरेल."

निरीक्षक गेल्यावर अध्यक्ष मला म्हणाले, "असं पत्र देणं म्हंजे आपल्याच हातानं कुलूप लावणं. ह्या साली साठ जण चौकशी करून गेलेत. मान्यता आज न्हाई तर उद्या मिळंल. तुम्ही पत्र दिलं, तर मंग तुमची खुर्ची बी राहणार न्हाई, सर. साफ सांगतो."

मी दोन दिवस काहीच केलं नाही. मला भीती वाटत होती, पुन्हा तासिका तत्त्वाची, पुन्हा घंटेनंतर कुणी ओळख न देण्याची. माझ्या खुर्चीच्या बदल्यात तिची तीन वर्षं, असा सौदा समोर मांडला होता आणि मी तो विचारात घेत होतो. हे लिहिताना लाज वाटते. तेव्हाही वाटत होती, पण बसलो होतो खुर्चीतच.

तिसऱ्या दिवशी गुरुजी आणि ती अंबडला आले. मी आत असून बाहेर प्रतिज्ञापत्रवाल्यांच्या बाकड्यावर तासभर बसून राहिले. मग गुरुजी आत आले. आवाज चढवला असता तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी हळू आवाजात विचारलं, "सर, ते छापलेलं खरं न्हवतं?"

"न्हाई," मी म्हणालो.

"कोणी लिवल्तं?"

"मी."

"मी वर्गात पोरांला सांगतो, छापलेलं ध्यान देऊन वाचा," ते म्हणाले. "आता काय सांगू त्यांला?"



मी कागद घेतला आणि लिहायला बसलो. ती आत येऊन खिडकीपाशी उभी राहिली. एक विमान, उडू न शकणारं. पंख कोठ्या करणाऱ्याकडून बसवलेले. एक इंजिन, चालू. शिकवणारे एक. धावपट्टी नाही. संस्थेची सुरुवात टायपिंगच्या क्लासपासून. माहितीपत्रकातला बाकीचा सगळा मजकूर चुकीचा असून तो मी लिहिला आहे. सगळं मिळून एक पान झालं, अर्धा तास लागला. मी ते वाचून दाखवलं. "इंजिनाचा नंबर चुकलाय," ती म्हणाली आणि तोंडपाठ सांगितला. मी दुरुस्त करून सही केली, शिक्का मारला.

पुढचं इथेच सांगून टाकतो. माझी खुर्ची त्याच महिन्यात गेली. विद्यापीठाला वर्षभरात कुलूप लागलं आणि धावड्याच्या पट्टीवर मिरच्या परत आल्या. दुसऱ्या संस्थेने तिला दुसऱ्या वर्षाला घेतलं, ती पास झाली आणि आता खरोखरीची विमानं उघडते आणि जुळवते. हे मला फौजींनी सांगितलं. तिची पत्रं त्यांना येतात, मला येत नाहीत, आणि त्यात तिचं काही चुकतं असं मला वाटत नाही.

पण त्या दिवशी यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मी पत्र तिच्या हातात दिलं. तिने ते उभ्या उभ्या पुन्हा पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं, माझ्या वाचून दाखवण्यावर न विसंबता. घडी घालून वहीत ठेवलं.

"सर, एवढं एकच पान होतं," ती म्हणाली. "आम्ही आल्तो त्या दिवशीच द्यायचं."

मला काहीतरी बोलणं भाग होतं. स्वतःला सोडवायला मी विचारलं, "दिलं असतं, तर तू आली असतीस का इकडे? फौजी भेटले असते का तुला?"

तिने वही पिशवीत घातली.

"आले असते का न्हाई, ते मी ठरवलं असतं," ती म्हणाली. मग गुरुजींची पिशवी उचलून निघाली. बाहेर जालन्याची गाडी लागली होती.